काटा, हवा आणि चीक

२९ जुलै २०२४ रोजी पॅरिसजवळच्या एलांकूर टेकडीवर ऑलिंपिकमधली पुरुषांची माउंटन बाइक शर्यत चालू होती. ब्रिटनचा टॉम पिडकॉक आघाडीला होता आणि चौथ्या फेरीत त्याचे पुढचे चाक बसले. या शर्यतीत वाटेत कुठेही मदत घेता येत नाही. नेमून दिलेल्या जागी पोहोचल्यावरच चाक बदलता येते. चाक बदलून तो पुन्हा निघाला तेव्हा जवळपास चाळीस सेकंद मागे पडला होता. शेवटच्या फेरीत झाडांमधल्या चिंचोळ्या वाटेवर फ्रान्सच्या व्हिक्तोर कोरेत्स्कीला गाठून त्याने सुवर्णपदक मिळवले, हे पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्याच दिवशी याच टेकडीवर नेदरलँड्सची पक पीटर्स दुसऱ्या क्रमांकावर असताना तिचे चाक बसले. तिला मात्र पदक मिळाले नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पीटर सागानचे तेच झाले. २०१२ साली लंडनमध्ये तर दोन वेळचा विजेता जुलियँ अब्सालों पंक्चरमुळे शर्यतच सोडून गेला.

जगातली उत्तमातली उत्तम चाके, आत ट्यूब नाही, भोक आपोआप बुजवणारा द्रव भरलेला, आणि तरी हे घडते. ‘आधी भरीव रबर होते, मग ट्यूब आली, मग ट्यूब गेली आणि पंक्चरचा प्रश्न मिटला’ असा एक सरळ इतिहास सायकलच्या पुस्तकांत सांगितला जातो. तो मला पटत नाही. पंक्चर कधी मिटलेच नाही. बदलत गेले ते एवढेच, की भोक बुजवायचे कोणी, कुठे आणि कशाने.

प्रारंभ नेहमी डनलॉपपासून करतात. खरे तर तो रॉबर्ट विल्यम थॉमसनपासून करायला हवा. या स्कॉटिश तरुणाने वयाच्या तेविसाव्या वर्षी, १० डिसेंबर १८४५ रोजी, हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची आतली नळी आणि तिच्यावर चामड्याचे कवच अशी त्याची रचना होती. सायकल तेव्हा जन्माला यायची होती; थॉमसनच्या डोळ्यांसमोर होत्या त्या घोडागाड्या. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने आपली ‘हवाई चाके’ चालवून दाखवली आणि त्यांतला एक संच बाराशे मैल चालला. लोखंडी धाव बसवलेल्या चाकांच्या खडखडाटाची सवय असलेल्या लोकांना ती गाडी आवाज न करता जाते याचेच नवल वाटले. पण पातळ आणि टिकाऊ रबर स्वस्तात मिळत नव्हते. कल्पना चाळीस वर्षे कागदावर पडून राहिली.

जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. १८८७मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने रबराची नळी, तिच्याभोवती कापड, असे चाक घरीच तयार केले. १८८८मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १८८९च्या मे महिन्यात विली ह्यूम या स्वाराने बेलफास्टच्या मैदानावर ही जाडजूड चाके लावून शर्यती जिंकल्या. दोनेक वर्षांत थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉपचे रद्द झाले. डनलॉपच्या हाती फारसे काही लागले नाही. त्याच्या नावाची कंपनी हार्वी द्यू क्रो या डब्लिनच्या व्यापाऱ्याने मोठी केली, तीही चार्ल्स वेल्च आणि विल्यम बार्टलेट यांची पेटंटे विकत घेऊन. ही पेटंटे महत्त्वाची आहेत, कारण टायर रिमला चिकटवल्याशिवाय कसा धरून ठेवायचा याची उत्तरे त्यांत होती. वेल्चने टायरच्या कडेत तार घातली, बार्टलेटने कडेला आकडा दिला. आज दुकानात मिळणारा सायकलचा टायर वेल्चच्या तारेचाच वंशज आहे.

चिकटवण्याचा मुद्दा इतका मोठा का, हे मिशेलिन बंधूंच्या गोष्टीवरून कळते. १८८९ साली फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेरां गावी त्यांच्या रबराच्या कारखान्यात एका इंग्रज स्वाराची सायकल आली. डनलॉपचा टायर पंक्चर झाला होता. तो रिमला चिकटवलेला असल्यामुळे सोडवून, भोक बुजवून, परत चिकटवायला तीन तास लागले आणि डिंक वाळायला अख्खी रात्र. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिनने ती सायकल चालवून पाहिली तर थोड्याच अंतरावर चाक पुन्हा बसले. चाक मऊ चालते हे मात्र त्याच्या लक्षात राहिले. १८९१मध्ये मिशेलिनांनी काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच सप्टेंबरात पॅरिसहून ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत शार्ल तेरोंने त्या टायरांवर जिंकली. दुसरा आलेला झियेल-लाव्हाल डनलॉपवर होता आणि तो काही तासांनी मागे पडला. पुढच्या वर्षी मिशेलिनांनी स्वतःच पॅरिस ते क्लेर्मों-फेरां शर्यत भरवली आणि रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकले. पंक्चर होत नाही असे त्यांना दाखवायचे नव्हते. झालेले पंक्चर स्वाराला रस्त्याच्या कडेला बसून काढता येते, हे दाखवायचे होते.

माझ्या मते सायकलच्या इतिहासातली ही खरी क्रांती. भोक आता कारखान्यात नेऊन बुजवायचे राहिले नाही. ठिगळाचे रबर, घासायला कागद, सोल्युशनची नळी आणि पंप एवढे बरोबर असले की माणूस अनोळखी मुलखात निघू शकत होता. अमेरिकेतली फॅनी बुलक वर्कमन नवऱ्यासह १८९७च्या अखेरीस हिंदुस्थानात उतरली आणि दोघांनी दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत सायकली हाकल्या. १९०४ साली त्यांनी या प्रवासाचे पुस्तक लिहिले. चौदा हजार मैल हा आकडा त्याच्या नावातच आहे. काही दिवशी त्यांना चाळीसपर्यंत पंक्चरे काढावी लागली. चाळीस! आपल्याकडच्या बाभळीच्या रस्त्यांवरून अनवाणी चाललेल्या कोणालाही या आकड्याचे नवल वाटणार नाही. पंचवीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८च्या मार्चमध्ये ती पुरी करून परतले. टायर काढता येत नसता, तर वाळवंटातून जाण्याचा विचार या मंडळींनी केला असता का, याची मला शंका आहे.

मिशेलिनांची १८९८ची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. टायरांचाच बनलेला एक गलेलठ्ठ गृहस्थ मेजवानीच्या टेबलाशी उभा आहे आणि त्याच्या हातातल्या पेल्यात दारूऐवजी खिळे आणि काचांचे तुकडे आहेत. टायर अडथळे पिऊन टाकतो, असा तिचा मतलब. चित्र मजेदार आहे. पण त्या पेल्यात आणखी काय होते तेही सांगायला हवे.

सायकलींची लाट आली तेव्हा लागवडीचे रबर जवळजवळ नव्हते. ते यायचे ॲमेझॉनच्या जंगलातून आणि आफ्रिकेतून. काँगोचा मुलूख १८८५पासून बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. तिथल्या जंगलातल्या वेलींचा चीक काढून आणण्याची सक्ती गावागावांवर झाली. ठरलेले वजन भरले नाही तर फटके, बायकांना ओलीस ठेवणे, हात तोडणे. चीक गोठवायला भांडी नसत, तेव्हा माणसे तो छातीवर, हातांवर चोपडून वाळू देत आणि मग केसांसकट ओढून काढत. अँटवर्पच्या धक्क्यावर जहाजांचे हिशेब पाहणाऱ्या एडमंड मोरेल या कारकुनाच्या लक्षात आले की काँगोहून रबर आणि हस्तिदंत येते आणि उलट जातात त्या प्रामुख्याने बंदुका आणि काडतुसे. व्यापार म्हणावा तर किंमत कुठे चुकती होते? १९०४मध्ये रॉजर केसमेंटचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९०८मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. सगळे रबर सायकलींच्या चाकांसाठी जात होते असे नाही. तारायंत्राच्या केबली होत्या, नळ्या होत्या, पुढे मोटारी आल्या. तरीही १८९०नंतरची मागणी चाकांनी वाढवली हे नाकारता येत नाही. रस्त्याच्या कडेला बसून स्वतःचे पंक्चर स्वतः काढणाऱ्या स्वाराचे स्वातंत्र्य कोणाच्या कातडीवर वाळलेल्या चिकातून आले, हा प्रश्न सायकलच्या गौरवग्रंथांत सहसा नसतो.

हेन्री विकहॅमने १८७६ साली ब्राझीलमधून रबराच्या झाडाचे हजारो बी क्यूच्या बागेत आणले होते. त्यातून उगवलेली रोपे सिलोन आणि मलायाला गेली. केरळात पेरियार नदीकाठी १९०२मध्ये व्यापारी लागवड सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आशियातल्या मळ्यांनी जंगली रबराला मागे टाकले आणि काँगोची वेल विस्मरणात गेली.

पुढचा काळ मी भराभर ओलांडतो, कारण सायकलच्या टायरात त्यानंतर ऐंशी वर्षे मूलभूत असे फारसे घडले नाही. मोटारीत घडले. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरी गुडरिच कंपनीने १९४७ साली ट्यूबलेस टायर जाहीर केला. तो फ्रँक हर्झेग यांचा शोध. १९५५च्या आसपास नव्या अमेरिकी मोटारींत तो सर्रास बसू लागला. सायकलवाल्यांनी तिकडे पाहिले आणि ट्यूब ठेवली. ट्यूब हलकी होती, स्वस्त होती आणि सायकलच्या रिमला स्पोकांसाठी तीस-बत्तीस भोके असतात, ती हवाबंद करायची कशी हा प्रश्न होता.

प्रश्न पुन्हा उभा केला तो डोंगराने. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, वजनदार, जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून खाली सोडत. हे जाड टायर श्विन कंपनीने १९३३मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या सायकलींसाठी आणले होते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ ‘रिपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरहून कमी वाटेत सुमारे चारशे मीटरचा उतार; मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही नावे तिथूनच पुढे आली.

डोंगरातले पंक्चर रस्त्यावरच्या पंक्चरपेक्षा वेगळे असते. रस्त्यावर काटा किंवा खिळा बाहेरून आत शिरतो. डोंगरउतारावर चाक दगडाच्या कडेवर आदळते, टायर दबतो आणि आतली ट्यूब दगड व रिम यांच्या मध्ये चिमटली जाते. ट्यूब काढून पाहिली तर शेजारी शेजारी दोन चिरा दिसतात, सापाने दात रोवावेत तशा. हे टाळायचे तर हवा जास्त भरायला हवी, पस्तीस-चाळीस पौंड. पण तेवढी हवा भरली की चाक कडक होते, दगडांवरून उडते आणि ओल्या मुळांवरून घसरते. कमी हवा भरावी तर ट्यूब चिरते. स्वार या कात्रीत वीस वर्षे सापडले होते. ट्यूब काढून टाकली ती या चिमट्यातून सुटण्यासाठी, काट्याच्या भीतीने नव्हे. ट्यूब नसेल तर चिमटण्यासारखे काही उरत नाही आणि वीस-पंचवीस पौंड हवेवरही भागते. टायर जमिनीला बिलगून चालतो.

१९९९मध्ये माव्हिक, हचिन्सन आणि मिशेलिन या तीन फ्रेंच कंपन्यांनी मिळून यूएसटी नावाची पद्धत आणली. रिमच्या आतल्या बाजूला एकही भोक नाही, टायरची कड विशिष्ट मापाची, टायरचे अंगच हवाबंद. काम चोख होते. पण तेच रिम आणि तेच टायर हवेत, आणि टायर जड. त्यानंतर लवकरच अमेरिकेत स्टॅन कोझिआटेक यांनी निराळीच वाट धरली. साध्या रिमची भोके पट्टी चिकटवून बंद करायची, साधा टायर बसवायचा आणि आत वाटीभर चिकाचा द्रव ओतायचा. उरलीसुरली गळती तोच शोधून काढतो. तीन बलाढ्य कंपन्यांच्या मोजून-मापून केलेल्या पद्धतीवर अखेर ही वाटीभर द्रवाची युक्ती वरचढ ठरली. आज ‘ट्यूबलेस रेडी’ म्हणून विकले जाणारे बहुतेक टायर तिच्याच भरवशावर चालतात. जे फक्त कमी हवेसाठी केले, त्यातून काट्याचाही बंदोबस्त झाला, तो असा आडवाटेने.

हा द्रव म्हणजे पुन्हा रबराचा चीकच. काही कंपन्या कृत्रिम चीक वापरतात, पण तत्त्व तेच. पाण्यात तरंगणारे रबराचे अतिसूक्ष्म कण, ते गोठू नयेत म्हणून थोडा अमोनिया, थंडीत घट्ट होऊ नये म्हणून ग्लायकॉल आणि भोकात अडकून बसावेत म्हणून बारीक तंतू किंवा कण. काटा निघाला की हवा जोराने बाहेर पडते, द्रवाला ओढून नेते, तंतू भोकाच्या तोंडाशी अडकतात आणि त्यांच्याभोवती चीक गोठतो. झाडही हेच करते. खोडाला घाव बसला की चीक वाहतो आणि जखम बुजते. म्हणून तर मळ्यातल्या कामगाराला चीक मिळवायला दर खेपेला नवा घाव घालावा लागतो. फणस कापताना हाताला तेल लावणाऱ्या कोकणातल्या बाईला या रसायनशास्त्रात नवे काही सांगावे लागणार नाही.

आता काट्याविषयी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत सायकलस्वार ज्या वनस्पतीला सर्वांत जास्त शिव्या घालतात, तिचे इंग्रजीतले एक नावच ‘पंक्चरव्हाइन’, म्हणजे पंक्चरवेल, असे आहे. ही आपला सराटा. आयुर्वेदातला गोक्षुर, दशमुळांतला एक. लिनियसने १७५३मध्ये तिला ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस म्हटले. घोडदळ अडवण्यासाठी जमिनीवर फेकायच्या लोखंडी काट्यांना जे जुने ग्रीक नाव होते त्यावरून. फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. मूळची ही जुन्या जगाची. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागली आणि तिथल्या मोटारींच्या, सायकलींच्या, विमानांच्याही टायरांना चिकटून दूरवर पसरली. टायरानेच तिला वाहून नेले, हा या कथेतला काव्यगत न्याय. १९६१मध्ये तिथल्या कृषी खात्याने तिच्या बिया आणि खोड पोखरणारे दोन जातींचे सोंडे किडे इटलीहून आणून सोडले. उबदार भागांत ते टिकले, कडक थंडीत मरतात. आयडाहोतल्या बॉइझी शहरात २०१८पासून सराट्याच्या नावाने सायकलींचा उत्सव होतो आणि त्यानिमित्त लोक पिशव्या भरभरून सराटे उपटतात.

सराट्याचे भोक बारीक असते, त्यामुळे चिकाचा द्रव ते सहज बुजवतो. पाचसहा मिलिमीटरपेक्षा मोठी चीर असली की द्रव फुकट फवारत राहतो. तिथे लागते ती चिकट दोरी. दाभणासारख्या टोच्यात ती अडकवायची, भोकात खुपसायची, टोच्या झटक्याने मागे ओढायचा. दोरी आत राहते. हायवेवर मोटरसायकलचे ट्यूबलेस टायर दुरुस्त करणारा कोणताही पंक्चरवाला हे मिनिटभरात करतो. ‘स्ट्रिप मारतो’ असे तो म्हणतो. सायकलवाल्यांनी त्याच्याच हत्याराची लहान आवृत्ती खिशात घातली आहे, एवढेच. कडेचा कापड उसवला तर दोरीही धरत नाही. मग आतून जाड कागदाचा किंवा टूथपेस्टच्या नळीचा तुकडा लावून, ट्यूब घालून घर गाठायचे.

जुन्या सवयी मात्र इथे उलट्या कराव्या लागतात. ट्यूबच्या काळात काटा दिसला की पहिल्यांदा उपटायचा. ट्यूबलेसमध्ये तो तसाच राहू द्यायचा. काटाच बुचाचे काम करत असतो. दोरी हातात तयार असेल तेव्हाच त्याला हात लावायचा. चाक फिरवून भोक खाली आणायचे, म्हणजे द्रव तिथे साचतो, आणि थोडे थांबायचे. कार्बन डायऑक्साइडच्या कुपीने हवा भरायची तर जपून, कारण त्या वायूने काही द्रव आतल्या आत गोठतात. शिवाय हा चीक अमर नाही. पाणी उडत जाते, दोन ते सहा महिन्यांत आत रबराच्या वाळक्या गोळ्या उरतात, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याहूनही लवकर. स्वार बेसावध असतो, टायरात द्रव आहे अशा समजुतीत, आणि तो नसतो. मिशेलिनांच्या स्वाराला आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही ते पिशवी उघडून दिसत होते. इथे ते टायरच्या आत दडलेले आहे. चाक कानाशी धरून हलवले की द्रव खळखळतो. नाही खळखळला तर व्हॉल्व्हचा गाभा काढून नवा ओतायचा. ट्यूबलेस आल्याने स्वाराचे काम कमी झाले असे म्हणतात. मला तर ते रस्त्याच्या कडेवरून घरातल्या पडवीत आणि पंक्चर झाल्यानंतरच्या घाईतून आधीच्या महिन्यांत हललेले दिसते. एलांकूरच्या टेकडीवर पिडकॉकच्या पंक्चरने घेतलेले चाळीस सेकंद त्याच्या पायांनी परत मिळवले. तसे पाय सगळ्यांकडे नसतात.

आणि शेवटी ट्यूब घालायचीच वेळ आली, तर आणखी एक गोष्ट. महिनोन्‌महिने माळावर चाललेल्या ट्यूबलेस टायरात सराट्याचे कित्येक काटे रुतून बसलेले असतात. द्रवाने प्रत्येकाभोवती रबर गोठवून ते निरुपद्रवी करून ठेवले, म्हणून ते शिरले कधी हे कळलेलेही नसते. नवी ट्यूब आत गेली की ते सगळे एकदम कामाला लागतात. म्हणून आधी टायरच्या आतल्या बाजूने बोटे फिरवायची, सावकाश, एकाच दिशेने, टोचेल या तयारीने. आणि सापडलेला प्रत्येक काटा नखाने किंवा चिमट्याने मुळापासून ओढून काढायचा.